दुसरा गिअर

गिअर ऑइलचा वास आला की मला दिग्रसचं ते गॅरेज आठवतं. आठवड्यातून दोनदा आमच्या जुन्या गाडीतून आईला डायलिसिससाठी यवतमाळला न्यायचो. त्या दिवशी परतताना दुसरा गिअर पडेचना, नुसती खरखर. गिअरबॉक्स खोलावा लागला तर परवा आईला न्यायचं कसं? म्हाताऱ्या मिस्त्रीनं इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले, तर सगळे अलगद पडले. "गिअरबॉक्स चांगला हाय, भाऊ. क्लच पुरा सुटून नाही राह्यला," म्हणत तो केबल कसायला गाडीखाली शिरला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा काम केव्हाच झालं होतं आणि मागच्या सीटवरून आई दवाखान्याच्या फायलीनं मला वारा घालत होती. "झोप जराशीक, बाबू," ती म्हणाली. डायलिसिस झाल्यावर तिला पाण्याचा पेलाही उचलवत नसे, हे माझ्या आत्ता लक्षात येतं.