तपासणीच्या दिवशी ड तुकडी

"ड तुकडी, उठा. टोपल्या घ्या आणि नदीवर जा. मैदानाला वाळू पाहिजे."

सगळे उठले. मी बसून राहिले. सत्तर सालानंतरची गोष्ट, सिन्नरची शाळा, आठवीचा वर्ग. त्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते. अ तुकडीत वकिलांची, व्यापाऱ्यांची मुलं. ड मध्ये आम्ही. बौद्धवाड्यातली, भिल्ल वस्तीतली, विड्या वळणाऱ्या बायांची पोरं.

मी म्हणाले, "सर, मला वाचता येतं."

खरंच येत होतं. बाबा सभांमधून पत्रकं आणायचे. आई विड्या वळायची आणि मी तिला ती मोठ्यानं वाचून दाखवायचे.

सर म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं बघून साहेबांना ते कळणार आहे का?"

वर्ग हसला. ड तुकडीच हसली. मी टोपली उचलली. दिवसभर वाळू वाहिली. संध्याकाळी आईनं एवढंच विचारलं, "टोपली परत आणली ना?"

तेव्हा मला वाटलं, आम्हाला साहेबांपासून लपवतात. साहेबांना आम्ही दिसलो, तर साहेब शाळेला जाब विचारतील. या समजुतीवर मी शिकले. बी.एड. केलं. सातपूरला कामगारांच्या मुलांसाठी नवी शाळा निघाली, तिथं लागले. पुढं मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. नियमात माझ्याशिवाय कोणी बसत नव्हतं, म्हणून संस्थेनं नाइलाजानं मला बसवलं. लोक मला मोठ्या बाई म्हणू लागले.

संस्थेचे सचिव म्हणाले, "बाई, शाळा चालवणं म्हणजे तपासणी निभावणं. बाकी सगळं आपोआप होतं."

तपासणीच्या आदल्या दिवशी शिपाई आला. "मोठ्या बाई, ड तुकडीला उद्या पांडवलेण्यांवर न्यायचं ना? दरवर्षी नेतात."

इथंही ड तुकडी होती. तीच वस्ती, तीच पोरं. फक्त वाळूच्या जागी सहल. तीही आमच्याच, बुद्धाच्या लेण्यांवर.

मी म्हणाले, "ड तुकडी वर्गात बसेल."

संध्याकाळी एक बाप भेटायला आला. कारखान्यात रखवालदार होता, आमच्यातलाच. म्हणाला, "ताई, जाऊ द्या पोरांना डोंगरावर. तिथं खूश राहतात. साहेबापुढं त्यांची शोभा कशाला करता?"

त्याची मुलगी आठवीच्या ड तुकडीत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अ तुकडीनं कविता म्हटली. पुढं ड चा वर्ग आला. साहेब दारातच थांबले आणि मला म्हणाले, "ही मुलं आज इथं कशी? दरवर्षी नसतात."

साहेबांना माहीत होतं. सिन्नरच्या साहेबांनाही माहीत असणार. साहेबांना फसवायला आम्हाला नदीवर पाठवत नव्हते. साहेबांना त्रास नको, म्हणून पाठवत होते. मी ज्याच्यापुढं उभं राहायला जन्मभर धडपडले, तो माणूस त्यांच्यातच सामील होता.

त्यांनी रखवालदाराच्या मुलीला उभं केलं. तिनं पुस्तक धरलं. पहिला शब्द फोडून फोडून वाचला. दुसरा आलाच नाही. आठवीतली मुलगी. मागून आमच्या शाळेचे पर्यवेक्षक हसले. जाताना साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला प्रशासन जमत नाही."

आठवड्याभरात खुर्ची पर्यवेक्षकांकडं गेली. सगळे म्हणतात, माणूस कार्यक्षम आहे. ड तुकडी कोणालाच नको होती. ती मी मागून घेतली.

ती मुलगी अजून अडखळते. इतक्या वर्षांत न शिकवलेलं वाचन एका वर्षात येत नाही. कदाचित पुढच्या तपासणीआधी ती कारखान्यात डबे भरायला जाईल. कायदा, साहेब, संस्था, कोणावरच माझी भिस्त उरलेली नाही. पोरांची शोभा केली म्हणून वस्तीतली माणसंही मला टाळतात.

तरी तपासणी येईल. शिपाई सहलीचं सांगायला येईल. त्या दिवशी मी खुर्ची दारात टाकून बसेन आणि ड तुकडी आत बसेल. वाचता आलं तर पोरं वाचतील. नाही आलं तर साहेबांनी ती शांतता पूर्ण ऐकायची. ऐकून झाल्याशिवाय मी त्यांना दारातून बाहेर वाट देणार नाही.