तिसरी खेप

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून अकोल्याला आले आणि आम्ही पक्के वऱ्हाडी झालो. कीपूरचा, म्हणजे वर्षभराच्या पापांच्या माफीचा, उपास आमच्यात सगळ्यात मोठा. पण त्या दिवशी देवापुढे कितीही रडा, माणसाचा केलेला गुन्हा देव माफ करत नाही. त्या माणसाच्याच दारी जावं लागतं. तीनदा मनापासून माफी मागायची, तिन्ही वेळा त्यानं नाही म्हटलं तर मागणारा सुटला. खोटं कशाला बोलू, त्या तिसऱ्या नकाराच्या आशेवरच मी सकाळी अकोल्याच्या बसमध्ये बसलो होतो.

अकोल्याला माझा धाकटा भाऊ राहतो. आई अमरावतीत माझ्याकडे होती, चार वर्षं अंथरुणावर. एका शुक्रवारी सकाळी ती गेली. भाऊ तेव्हा कामानं चिखलदऱ्याला होता. दुपारी दोनला परतवाड्याहून त्याचा फोन आला, "दादा, दीड तासात पोचतो. थांबजो." मी थांबलो नाही. तीन वाजता माती दिली. तो आला तेव्हा आम्ही कब्रस्तानाबाहेर हात धूत होतो. शब्बाथ लागतो, मग शनिवारभर माती देता येत नाही, असं सांगून मी वेळ मारून नेली. शब्बाथ लागतो दिवस बुडताना. हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या दोन्ही कीपूरच्या आधी मी त्याच्याकडे जाऊन तीच कॅसेट वाजवली. धर्माचा नियम, माझा नाइलाज, तरी चुकलं असेल तर माफ कर. दोन्हीदा त्यानं चहा पाजला आणि नाही म्हणाला.

या खेपेला दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "तिसरी खेप ना? बोल अन् सुट."

माझं डोकंच फिरलं. "होता वेळ," मी म्हटलं. "चार वर्षं तिचं हागणं-मुतणं मी काढलं. अन् तू आयत्या वेळी येऊन गळा काढणार, लोक म्हणणार धाकट्यावरच जीव होता बाईचा. मले ते पाह्यचं नव्हतं. म्हणून नाही थांबलो."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

भाऊ खाली पाहत म्हणाला, "आदल्या दिवशी आईचा फोन आल्ता. म्हणे, दादा लय थकला रे, चार वर्सांपासून धड झोपला नाही. आता तू ने मले, त्याले जरा झोपू दे. मी तिले न्यायलेच निघालो होतो. वाटेत कळलं, गेली म्हणून."

मला रडू आवरेना. लाज वाटली, भयंकर लाज. माफी मागायची तर राहूनच गेली. शेवटी तोच म्हणाला, "निघ आता. दिवस बुडायच्या आत घरी पोच." दिवस बुडताच कीपूर लागतो, मग आम्ही दारं लावून घरात बसतो, जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सणच म्हणायची.

घरी आलो, पांढरे कपडे घातले, दार लावलं, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि तसाच बसून राहिलो. भावाकडे पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल. पण मेलेल्या माणसाची माफी मागायची तर कबरीपुढे आमच्यातले दहा पुरुष उभे करावे लागतात. अमरावतीत आम्ही तिघंच पुरुष आहोत. भाऊ आला तर चार.