आत्यांची चंद्रकळा आणि इंग्रज बुवा

पुण्यात कॉलेजला होते तेव्हा हॉस्टेलच्या मैत्रिणीनं मला एक कॅसेट भरून दिली. इंग्लंडातला गॉथ रॉकवाला बँड, म्हणजे काळे कपडे घालून उदास गाणी म्हणणारी मंडळी. गाणारा इतक्या खोल आवाजात गायचा की पोटात गोळा यायचा, आणि मला तो गोळा फार आवडायचा. मग काय, काळा कुर्ता, काळी ओढणी, डोळ्यांत बोटभर काजळ. कुणी हसलं तर हसू दे मेलं!

लग्न ठरलं तशी आईनं माझे सगळे काळे कपडे वाटून टाकले. "सासरी अवदसा म्हणतील तुला." कॅसेट मात्र मी वाचवली. भजनाच्या कॅसेटची रिकामी डबी घेतली, वर टाळकऱ्यांचं चित्र, आत माझा बँड, आणि बोरी बुद्रुकला नांदायला आले. घरात एकटी असले की हळू आवाजात ऐकायचे. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, कळलं तर काय, या धास्तीनं निम्मं गाणं दाराकडं बघण्यातच जायचं.

पहिली संक्रांत आली. नव्या नवरीला काळी साडी आणि अंगभर पांढरे हलव्याचे दागिने. आरशात बघितलं नि हसूच फुटलं. हॉस्टेलवर ज्यासाठी शिव्या खाल्ल्या तेच आज सगळी आळी कौतुकानं बघणार होती! दुपारी हळदीकुंकवाला वीसेक बायका जमल्या, झाडून सगळ्या काळ्यात.

"जरा भजन लावते," म्हणत आत्या उठल्या. सकाळी ऐकून मी डबी घाईत टेपपाशीच विसरले होते. "आत्या, ती नको," म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

आधी घंटा वाजली. शेजारच्या काकींनी भक्तिभावानं हात जोडले. मग गिटार घुमली, ड्रम सुरू झाले आणि बुवांनी तोंड उघडलं. काकींचे हात तसेच जोडलेले, डोळे मात्र टक्क उघडे.

"ह्यो कुठला बुवा म्हनायचा?"

"इंग्लंडचा," मी पुटपुटले.

"काय म्हंतोय?"

"बायको वारलीय. तिच्या आठवणीनं रडतोय."

"अगं बया! आवाजावरनं तर खातापिता वाटतोय. दुसरी न्हाई का केली?"

जो हशा पिकला म्हणता! कुणीतरी म्हणालं, "रडका हाय, पन ठेका लई झ्याक हाय," आणि दोघी फुगडीला उठल्या. मलाही ओढलं. माझ्या गळ्यातला हलवा तुटून घरभर उडाला. त्या बँडच्या गाण्यावर फुगडी घालणाऱ्या जगात आम्हीच पहिल्या असू.

बायका गेल्या आणि आत्यांनी मला आत बोलावलं.

"भजनाच्या डबीत लपवलंस व्हय?"

"चुकलं, आत्या. मला हे गाणं, हे काळं... फार आवडतं."

आत्या अंगावरच्या काळ्या चंद्रकळेचा पदर कुरवाळत राहिल्या. "मलाबी काळंच आवडतं, पोरी. पन वर्साकाठी एकदाच अंगाला लागतं. तीस वर्सं झाली, कुनाला बोलले न्हाई."

माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. अशुभ दिवस, चांगलं काही सुरू करायचं नसतं. उठून बघते तर टेप मोठ्यानं चालू, आणि आत्या कालचीच चंद्रकळा नेसून बुवांच्या ठेक्यावर भाकरी थापत होत्या.

"बघती काय?" त्या म्हणाल्या. "जा, काळी नेसून ये."