दिसत नाही ते धरायचं की नाही

मुलगी आणि जावई, दोघंही रोह्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. एकदा मुलगी भांडून पेणला आली. तो कबूल करेपर्यंत परत जाणार नाही, म्हणाली. काय कबूल करेपर्यंत, असं मी विचारलं.

"बाहेरून दिसत नाही, पण आत आहे आणि वाढतंय. तो म्हणतो, दिसत नाही तर धरायचंच कशाला?"

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळायला चौथी पुरते. तिला बादली उचलू दिली नाही. शेजारणीच्याही कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. वडखळच्या नाक्यावर गाडी नेहमीसारखी तुंबली, तेवढ्यात काय बोलायचं ते ठरवून घेतलं.

जावई कागद पसरून बसले होते. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जावईबापू, दिसत नाय म्हणून आत नाय, असं कसं म्हणता?"

ते चपापले. "आई, बाहेरचं उत्तर दोघांचं सारखंच येतं."

"बाहेरचं ऱ्हाऊ द्या. आत वाढतंय त्याचं काय?"

"ते मोजायची सोय नाही."

"मोजून काय करायचंय? वेळ झाली की येईल बाहेर. तवा कुठं तोंड लपवाल?"

जावयांनी समोरचा कागद जवळ ओढला. हळूच म्हणाले, "फुटेल म्हणता?"

"फुटंल कशानं? बाळ हाय ते, मडकं नाय."

मग चहा झाला आणि उलगडाही. भांडण कंपनीतल्या टाकीवरून होतं. दोघांनी त्या टाकीचं आपापलं वर्णन गणितात लिहिलं होतं. जावयांनी तीन गोष्टी धरल्या, मुलीनं चार. नळ एवढा फिरवला तर मापाचा काटा किती सरकेल, याचं उत्तर दोघांचं एकच. म्हणून जावई म्हणत, दोन्ही वर्णनं सारखीच. मुलीचं म्हणणं, काट्याकडे बघणाऱ्याला सारखी. चौथी गोष्ट काट्यावर उमटत नाही, आतल्या आत वाढत जाते, आणि एक दिवस टाकी फुटते.

"तुम्ही बाळाचं बोलत होतात," जावई म्हणाले, "पण टाकीलाही ते तंतोतंत लागू पडतं."

त्यांनी कागदावर चौथी गोष्ट लिहिली आणि माझ्याबरोबरच पेणला आले. मुलीनं कागद वाचला, अधिकच्या जागी वजा लिहिलंय म्हणाली, आणि त्यांना बोलत बोलतच बॅग भरली. दोघं वाद घालत निघाली.

शेजारीण दारातून म्हणाली, "पायऱ्या दमानं उतर गो."

मी आत निघून गेले.