बुजवलेली विहीर घेऊन मिझुरीला

निघायच्या दिवशी बापू मला विमानतळावर सोडायला आला. हडपसरहून लोहगावला पोचायला तास लागला आणि त्या तासाभरात तो रहदारीला नावं ठेवण्यापलीकडे काही बोलला नाही. बॅग उतरवताना मात्र म्हणाला, "शैला, तिकडे विषय निघालाच तर टाळ. अण्णा इथे आल्यावर मी बघतो."

"काय बघणार आहेस?"

"बघतो म्हटलं ना," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

विषय आमच्या मळ्याचा होता. हडपसरच्या पुढे आमची द्राक्षबाग होती. शहर वाढत आलं तशी ती तुकड्यातुकड्यांनी गेली. विहिरीजवळचा अर्धा एकर तेवढा थोरल्या भावासाठी, म्हणजे अण्णांसाठी, ठेवायचा असं ठरलं होतं. अण्णा चोविसाव्या वर्षी अमेरिकेला गेले ते तिथेच राहिले. त्यांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र मधल्या भावाकडे, बापूकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी बापूने तोही तुकडा बिल्डरला दिला. विहीर बुजवली, वर फरशा बसल्या, आता तिथे आमच्या सोसायटीच्या गाड्या लागतात. 'आमच्या' म्हणते, कारण त्या व्यवहारात एक फ्लॅट मलाही मिळाला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा दिसते.

अण्णांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि आता वहिनी गेल्यानंतर दोन वर्षांनी ते तिकडचं सगळं विकून परत यायला निघाले होते, त्या अर्ध्या एकरात चार वेल लावायला. मला बोलावलं होतं ते दहा दिवस फिरवायला आणि मग सोबतीने परतायला. दोघांचीही तिकिटं काढलेली होती.

दिल्ली, शिकागो आणि मग मिझुरी राज्यातलं सेंट लुईस. शिकागोत माझी बॅग हरवली. सेंट लुईसला उतरले तेव्हा अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि बाहेर ऑक्टोबरअखेरची थंडी. बहात्तर वर्षांचे अण्णा दाराशी उभे होते. मी पाया पडले तर म्हणाले, "स्वेटर कुठं हाय तुजा?" पन्नासएक वर्षांत त्यांचं मराठी जसंच्या तसं राहिलं होतं. आमच्या गावात आता असं बोलणारं कुणी उरलेलं नाही. गाडीत वहिनींचा तपकिरी कोट होता, तो त्यांनी मला दिला. खिशात घडी घातलेला कागदी रुमाल आणि पेपरमिंटची गोळी होती. बॅग तीन दिवसांनी आली, तोवर मी तोच कोट घालून फिरले.

त्यांचं शहर विमानतळापासून दोन तासांवर. शहर म्हणायचं ते केवळ पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. एक सिग्नल, एक कोर्टहाउस (जिल्ह्याची कचेरी), दोन चर्च आणि निम्मी दुकानं बंद. भोवती बुटक्या टेकड्या आणि उतारांवर द्राक्षांच्या रांगा. तोडणी होऊन गेली होती. पानं पिवळी पडून गळत होती आणि तारांवर नुसते वेल उरले होते. फाटकाशी गाडी थांबवून अण्णा म्हणाले, "सहा एकर. आजून शुक्रवारपतूर माजं."

शुक्रवारी विक्रीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. त्या दिवशी शनिवार होता.

रात्री त्यांनी पिठलं-भाकरी केली. ज्वारीचं पीठ सेंट लुईसच्या दुकानातून आणून ठेवलं होतं. खायला बसल्यावर म्हणाले, "आपल्याकडं वर्षातनं दोनदा छाटणी. हितं एकदाच, फेब्रुवारीत. बर्फात हुबं राहून. आता बास झालं." मी मान हलवली. भाकरी चांगली झालीय म्हटलं.

रविवार-सोमवार पाऊस होता. मंगळवारी प्रेक्षणीय स्थळं सुरू झाली. सकाळी एका जुन्या उपाहारगृहात बिस्किट आणि ग्रेव्ही खाल्ली. बिस्किट म्हणजे खारी आणि पाव यांच्या मधलं काहीतरी, आणि ग्रेव्ही म्हणजे मिरं घातलेली पांढरी खळ. मग रेल्वेचं संग्रहालय. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी आग्रहाने माझ्याकडून पाहुण्यांच्या वहीत सही करून घेतली. माझ्या आधीची सही अकरा दिवसांपूर्वीची होती. मी 'पुणे' लिहिलं. त्यांनी विचारलं, "हे समुद्राकाठी आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. जवळच नदीवर लाल रंगाची पाणचक्कीची गिरणी होती. हंगाम संपल्यामुळे कुलूप होतं. तारेच्या जाळीला नाक लावून आम्ही तिचं थांबलेलं चाक पाहिलं आणि परत फिरलो.

दुपारी गुहा पाहिली. जमिनीखाली सत्तर-ऐंशी पायऱ्या उतरून जायचं. आत छतातून टपकणाऱ्या पाण्याने तयार झालेले खांब, पडदे, झुंबरं. आम्ही दोघंच पर्यटक होतो. शेवटच्या दालनात वाटाड्या मुलगी म्हणाली, "आता मी दिवा मालवणार आहे. डोळ्यांसमोर हात धरा. दिसणार नाही." तिने दिवा मालवला आणि खरंच काही दिसेना. त्या अंधारात शेजारून अण्णांचा आवाज आला, "शैले, आपल्या हिरीत वाकून बघितलं की असंच दिसायचं. म्या गेल्यावर आदी गाळ काढून घेणार."

'अण्णा, ऐका,' असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. अंधारात सांगणं सोपं गेलं असतं. पण मुलीने दिवा लावला, अण्णा डोळे मिचकावत माझ्याकडे बघून हसले आणि माझं तोंड मिटलं.

बुधवारी वाइनरी पाहिल्या. पहिली मोठी होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीहून आलेल्या लोकांनी दगडात खोदलेलं तळघर, त्यात माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, आंबूस थंड वास. आणि बाहेर येताच टोप्या, मेणबत्त्या नि चॉकलेटची वडी विकायचं दुकान. दुसरी वाइनरी अण्णांच्या शेताला लागून, कॅरोल नावाच्या बाईंची. अण्णांची द्राक्षं इतकी वर्षं त्याच घेत होत्या आणि शेतही त्याच घेणार होत्या. साठीच्या, उंच, तोडणीच्या कामाने हात काळवंडलेल्या. मी वाइन घेत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच द्राक्षांचा रस दिला. वाटाण्याएवढं काळं द्राक्ष असतं हे. रस गोड लागला, मग जिभेवर तुरट राहिला.

अण्णा कामगारांचा निरोप घ्यायला मागे गेले. कॅरोलबाईंनी काउंटरखालून एक लांबट पेटी काढून मला दाखवली. आत छाटणीची नवी कात्री होती आणि मुठीवर अण्णांचं नाव कोरलेलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून घेतली," त्या म्हणाल्या. "त्या विहिरीजवळच्या वेलांसाठी. बायको गेल्यापासून तो फक्त त्या विहिरीबद्दल बोलतो. फार खोल आहे का हो?"

मी म्हटलं, "होती." भूतकाळ त्यांच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे. अण्णा आले, पेटी उघडली, कात्री दोनदा उघडमीट केली आणि मुठीवरच्या नावावरून अंगठा फिरवला.

त्यांना त्या कात्रीसकट पुण्याला नेणं मला शक्य नव्हतं. गाडीत बसल्यावर मी त्यांना किल्ली फिरवू दिली नाही.

"अण्णा, तो तुकडा नाही राहिला. बापूने दिला. तिथे आता पार्किंग आहे."

समोरच्या काचेवर बारीक पाऊस पडत होता. अण्णांनी वायपर लावला नाही.

"हीर?"

"बुजवली."

"कशानं?"

"राडारोडा टाकला. जुन्या घराच्या भिंतींचा."

"कवा?"

"अकरा वर्षं झाली."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर रविवारी फोनवर इचारायचो, हिरीला पाणी किती हाय. तवा तू काय सांगायचीस?"

"भरपूर आहे म्हणायचे."

"उन्हाळ्यात थोडं खाली गेलंय म्हणायचीस," अण्णा म्हणाले. "एकदा म्हनलीस, कासव दिसलं."

मी तसं म्हटलं होतं. त्या वर्षी वहिनींचं दुखणं नुकतं कळलं होतं आणि अण्णांचा आवाज ऐकून मला वाटलं होतं, काहीतरी चांगलं सांगावं. माझा फ्लॅट त्याच सोसायटीत आहे, हेही मी त्या गाडीत सांगून टाकलं. त्यांनी किल्ली फिरवली. घरी जाताना स्वतःच्या शेताचं वळण चुकले आणि पाच-सहा मैल पुढे जाऊन पेट्रोल पंपावरून गाडी वळवली.

गुरुवारी आम्ही कुठेच गेलो नाही. अण्णा दिवसभर बागेत होते. मी दोनदा चहा घेऊन गेले, दोनदा त्यांनी घेतला.

शुक्रवारी सकाळी ते कोट-टाय करून तयार झाले. मी म्हटलं, "अण्णा, सही करायलाच हवी का? इथेच राहा ना मग शेतावर."

"येल कुणीतरी छाटायला पायजेत. माजे गुडघे गेलेत. कॅरोल नीट करंल." एवढं बोलून ते गाडीत बसले. कोर्टहाउससमोरच्या वकिलाच्या कचेरीत वीस मिनिटांत काम झालं. बाहेर आल्यावर कॅरोलबाईंनी त्यांना मिठी मारली. अण्णा मिठीत अवघडून उभे राहिले, आपल्याकडची माणसं राहतात तसे.

सोमवारी त्यांनी मला आणखी एक जागा दाखवली. शहराच्या टोकाला एकमजली लांब इमारत, पुढे रिकाम्या खुर्च्यांचा व्हरांडा. वृद्धांसाठी भाड्याच्या खोल्या होत्या. मागच्या बाजूची एक त्यांनी घेतली होती. खिडकीतून टेकडी दिसत होती, तिच्यावर कुणाच्या तरी द्राक्षांच्या रांगा.

"तिकीट रद्द केलं," ते म्हणाले. "हितं मानसं वळखीची हायत. तितं आता कोन हाय?"

'मी आहे' असं म्हणायचा हक्क मला उरला नव्हता. तरी मी म्हटलं.

"तू हायेस," अण्णा म्हणाले, आणि खिडकीची कडी नीट लागते का ते बघू लागले.

मंगळवारी विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बापूवर राग न्हाई म्हनावं. त्यो ल्हानपनापास्नं तसाच हाय. तू सांगायला पायजे हुतंस." मग माझा पासपोर्ट हातात आहे ना, हे दोनदा विचारून ते गेले. गर्दीत त्यांची टोपी काही वेळ दिसत राहिली.

बापू घ्यायला आला होता. अण्णा दिसले नाहीत तेव्हा त्याला कळलं. येरवड्याच्या पुलावर म्हणाला, "सांगितलंस?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाला, आणि हडपसर येईपर्यंत रहदारीलाही नावं ठेवली नाहीत.

प्रवास माणसाला काय देतो, यावर मी आजवर शाळेत मुलांकडून बरेच निबंध लिहून घेतले. आता कुणी मला विचारलं, तर मला एवढंच सांगता येईल की काही गोष्टी घरात बसून सांगता येत नाहीत, त्यासाठी आठ हजार मैल जावं लागतं, आणि तिथवर पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. रविवारचा फोन आता मी करते. अण्णा उचलतात. तिथलं तापमान सांगतात, इथलं विचारतात. पाण्याचं विचारत नाहीत.

परवा समोरच्या काकू 'अमेरिका बघायला' आल्या. मी फोनवर एकेक फोटो दाखवत गेले. संग्रहालय, बंद गिरणी, गुहेतले दगडी पडदे, तळघरातली पिंपं, पिवळी बाग. काकूंनी सगळे शांतपणे पाहिले. शेवटी म्हणाल्या, "अहो, सगळीकडे तुम्ही एकट्याच. भाऊ कुठे आहेत तुमचे?"

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. प्रत्येक फोटो त्यांनीच काढला होता.