चिनी सिनेमाची पहिली शिफारस

सिनेमा मंडळातल्या मैत्रिणींनो, हे आजच फलकावर लिहिते आहे, कारण दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज दुपारी वडशाला आमच्या मोहल्ल्यात माझ्या शिफारशीवरून व्हिडिओवर चिनी सिनेमा लावला. खाली संवादांची इंग्रजी अक्षरं. शेजारच्या कमलाबाई उठून दारापर्यंत गेल्या. "काऊन वं पोरी, मारामारी कवा होते?"

त्या गेल्या असत्या तर पुन्हा कुणीच आलं नसतं. बाबांनी घरी शिकवलेल्या इंग्रजीच्या भरवशावर मी नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

पडद्यावरची मुलगी सासरी निघाली आणि अक्षरं थांबली. माझ्याकडून काही सुटलं का?

"पोरीचा बाप का म्हणते?" कमलाबाईंनी दारातूनच विचारलं.

"काहीच नाही म्हणत, बाई."

"मंग समजते मले. सरक जराशी."

नवख्यांना आधी कमी बोलणारा सिनेमाच सुचवावा का? तुम्ही कोणता सुचवाल?