पेटीतलं इंजिन आणि आमचं इंजिन

लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी नवऱ्याबरोबर ट्रकात फिरले. आमच्या जुन्या ट्रकाचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली आहे. त्या झाकणावर गोधडी अंथरून मी झोपायचे. खालून ऊब यायची, अंगभर एक घरघर भिनायची. कितीतरी गावं मी झोपेतच ओलांडली. जाग आली की काचेपलीकडं कुठलंतरी तळं नाहीतर जवारीचं रान सरकत असायचं, आणि आपण जागे आहोत की नाही हे थोडा वेळ कळायचंच नाही. पुढं हिंगोलीजवळच्या गोरेगावात शिलाईचं मशीन घेतलं, ब्लाऊज शिवायला लागले आणि फिरणं संपलं.

गेल्याच्या गेल्या चैत्रात माहेरच्या एका कार्यक्रमाहून परत येताना मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा ट्रकात बसले. कुरुंद्याची हळद भरून आम्ही हिंगोलीकडं निघालो होतो. केबिनमध्ये हळदीचा दाट वास होता आणि मला पेंग येत होती. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, तेव्हा मला वाटलं, मी स्वप्नातच ऐकतेय. मग मोठा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुढून वाफ निघायला लागली. नवऱ्यानं घाईत खाली उडी मारली, रस्त्याकडेच्या खड्ड्यातल्या दगडावरून पाय निसटला आणि नडगीचं हाड मोडलं.

माल दुसऱ्या गाडीत गेला, आमचा ट्रक ओढून गोरेगावला आणला, आणि नवरा पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडला. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते.

"पेटीतलं इंजिन आणू," नवरा म्हणाला. "कंपनीतून तयार येते. जुनं द्यायचं, नवं बसवायचं. चार दिवसांत गाडी रस्त्यावर. बदली ड्रायव्हर मी बघतो."

"मी बघून येते," मी म्हणाले.

जीपनं हिंगोलीला गेले. दुकानदारानं गोदामात नेलं आणि लाकडी पेटीच्या फळ्या उचकटल्या. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं इंजिन होतं, निळसर करड्या रंगाचं, कुठं बोटभर डाग नाही. प्रत्येक भोकाला पिवळं बूच. ताज्या लाकडाचा वास सुटला होता. मी हात लावला तर गार, गुळगुळीत. खरं सांगते, मला ते फार आवडलं. परतीच्या जीपमध्ये डोळा लागला, तर ती पेटी आमच्या घरात होती आणि मी तिच्यातून घड्या घातलेले ब्लाऊज काढत होते, एकामागून एक, आणि पेटी काही रिकामी होत नव्हती.

तरी जुनं देण्याआधी एकदा दाखवून घे, असं नवराच म्हणाला, म्हणून मी शेजारच्या पुसेगावच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. आमचं इंजिन याआधी एकदा त्यांनीच खोलून पुन्हा बांधलं होतं. सत्तरीला आलेले, काम सोडून दोन वर्षं झालेली. त्यांनी गावाबाहेरच्या निंबाखाली उभ्या ट्रकाचं इंजिन उघडवलं, आत बोटं फिरवली, बराच वेळ डोळे मिटून बसले.

"ब्लॉक, म्हंजी इंजिनाचा सांगाडा, चांगला हाय बेटी," ते म्हणाले. "क्रँकचा दांडा घासून घेतला, लायनर-पिस्टन नवे टाकले की उभं राहील. पण माझं ऐकशील तर तू पेटीच घे."

"काहून चाचा?"

"हात बराबर हायत. डोळे न्हाईत. बारीक माप दिसत न्हाई आता. अन् इंजिन म्हंजी सगळं बारीक मापच."

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं, "मला दिसतं. मी रोज सुईत दोरा ओवते."

चाचा पहिल्यांदा हसले.

जुनंच इंजिन चाचांकडून बांधून घ्यायचं, असं घरी सांगितलं तर नवरा चिडला. "काहून? इंजिन काय म्हैस हाय का, एकाच हाताची सवय लागायला? हळदीचा सीजन चाललाय!"

त्याचं खरं होतं. माझ्याजवळ पटण्यासारखं कारण नव्हतं. जुनं इंजिन कंपनीला द्यावं लागणार, कुणीतरी ते दुसरीकडं नेऊन वितळवणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मी म्हणाले, "त्याच्यावर मी चार वर्षं झोपलेय. असं देऊन टाकवत न्हाई."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "कर. पण फोन चालू ठेव. मला दिसलं पायजे."

मग महिनाभर मी दुपारी मशीन बंद करून निंबाखाली जायचे. ब्लॉक आणि क्रँक हिंगोलीला लेथच्या यंत्रावर घासून आले. बाकीचं सामान मी डिझेलमध्ये धुवायचे आणि जुन्या साडीवर ओळीनं मांडायचे. खिडकीतून बघितल्यासारखा नवरा फोनमधून बघायचा, मधूनच ओरडायचा, "ते उलटं ठेवलंस!" आणि चाचा म्हणायचे, "मरीजला आराम करायला सांग."

केसाएवढं माप घेणारं मायक्रोमीटर हातात धरायला चाचांनी शिकवलं. ते क्रँकवर लावून द्यायचे, मी रेघा मोजून आकडा सांगायचे, ते मनात घोळवायचे. कधी म्हणायचे, "पुन्हा." पुन्हा तोच आकडा आला की मान हलवायचे. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत असायचा, निंबाचा बारीक मोहर साडीवर, पिस्टनांवर, चाचांच्या टोपीवर पडत राहायचा, आणि त्या आकड्यांमध्ये दुपार कुठं जायची समजायचं नाही. शाळेत मला गणित आवडत नव्हतं.

क्रँक बसवला त्या दिवशी मात्र तो हातानं फिरेना. क्रँकला धरून ठेवणाऱ्या लोखंडी टोप्यांना नंबर असतात; ज्या जागेची टोपी त्याच जागी लागते. चाचांनी एक एक सैल करून बघितली. तिसऱ्या जागी पाचवी होती, पाचव्या जागी तिसरी.

मला तेव्हाच आठवलं. टोप्या पुसताना एका बाईचा ब्लाऊजसाठी फोन आला होता, आणि बोलता बोलता मी त्या साडीवर परत ठेवल्या होत्या.

"माझ्या हातून झालं, चाचा," मी म्हणाले. "मी ठेवल्या."

"अन् मी लावल्या," ते म्हणाले. "नंबर मला दिसला न्हाई, मी विचारला बी न्हाई." मग पाना उचलत म्हणाले, "घट्ट झालं म्हणून हितंच कळलं, बेटी. ढिलं राहिलं असतं तर रस्त्यात कळलं असतं. चल, खोल."

सगळं खोललं. बेअरिंगवर ओरखडा नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक तुकड्याचा नंबर मी मोठ्यानं वाचायचे आणि फोनमधून नवरा तो परत म्हणायचा. लहान लेकरांच्या पाढ्यांसारखं चालायचं. त्याचा राग कोणत्या दुपारी गेला, ते मला सांगता येणार नाही.

ज्येष्ठात इंजिन चढवलं. नवऱ्याला ऑटोतून आणून खुर्चीत बसवलं. चाचांनी किल्ली फिरवली. दोनदा नुसतं घुरघुरलं. तिसऱ्यांदा पांढरा धूर निघाला आणि ते चालू झालं. चाचा झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले. नवरा कान देऊन ऐकत होता.

"आवाज येगळा हाय," तो हळूच म्हणाला.

वेगळाच होता. कोरडा, आखडता, अनोळखी. ज्याच्यासाठी मी एवढा हट्ट केला तो आवाज आलाच नाही, आणि आता येणारही नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं. डोळे भरून आले. जमलेल्या लोकांना वाटलं आनंदानं. थोडा आनंदही होता.

नव्यानं बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीला रिकामं, सावकाश पळवावं लागतं. ते काम चाचांनी बदली ड्रायव्हरला दिलं नाही. "लांबचं दिसतं मला. पैला रस्ता मी दाखवणार," म्हणाले, आणि मला शेजारी बसवलं. आम्ही निघालो. नांगरलेली काळी रानं दोन्ही अंगांनी पसरली होती, कुठं हिरवं पान नव्हतं, लांबवर मृगजळात झाडं तरंगत होती. सायकलवाले आम्हाला मागं टाकत होते. झाकण गरम व्हायला लागलं तसा मी त्यावर हात टेकला.

मोकळा रस्ता आला तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले.

"आता तू."

"मला येत न्हाई चाचा."

"एवढ्या वर्षांत नवऱ्याचे पाय बघितले असशील की."

बघितले होते. पहिल्यांदा गाडी हिसका देऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती चालली. पायाखाली सगळं थरथरत होतं आणि ते अख्खं रान काचेत हळूहळू मोठं होत माझ्याकडं येत होतं. फर्लांगभर गेले असेन, तोच समोरून शेळ्यांचा कळप आला. मी ब्रेक दाबला, क्लच धरून ठेवला. शेळ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. त्यांच्या पाठी खिडकीखालून जात होत्या. मागून येणारी म्हातारी काठी टेकत थांबली, वर बघितलं, मला बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसली.

"जा माय," ती म्हणाली, "तुमी जा आधी."